फ्लॉरेन्स नाइटिंगेल : कोणत्या खाटेकडे आधी जावे?

तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरचे उंब्रज हे महामार्गावरचे गाव. इकडच्या घरांना एक अनुभव नवीन नाही. रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ येते, कोणाला साप चावतो, कधी रस्त्यावर अपघात होतो. मग मिळेल ती गाडी करून माणसाला कराडला किंवा साताऱ्याला न्यावे लागते. रुग्णाला खाट मिळते, सलाईन लागते आणि घरची माणसे बाहेर बाकड्यावर बसून राहतात.

अशा वेळी एक गोष्ट मनाला फार लागते. आपला माणूस विव्हळत असतो आणि सिस्टर मात्र त्याच्यावरून पुढे जातात. कोपऱ्यात गप्प पडलेल्या दुसऱ्याच कोणापाशी त्या थांबतात. त्याची नाडी पाहतात, श्वास मोजतात, कागदावर काही लिहितात आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच्याकडेच येतात. आपल्याला वाटते, आपली इथे ओळख नाही, आपण साधी माणसे, म्हणून आपल्याकडे दुर्लक्ष होते आहे.

पुष्कळदा तसे नसते. विव्हळणाऱ्या माणसाला वेदना असतात, पण आवाज काढण्याइतका श्वास त्याच्यात असतो. गप्प पडलेल्याचा श्वास कदाचित थकत चाललेला असतो. कोणाला आत्ता किती सेवेची गरज आहे हे आवाजावरून किंवा ओळखीवरून न ठरवता पाहून आणि मोजून ठरवायचे, आणि त्याप्रमाणे नर्सचा वेळ वाटायचा, ही आजच्या रुग्णसेवेची मोठी शिस्त आहे. तिची मुळे शोधत मागे गेले की एका स्त्रीचे आयुष्य समोर येते. तिचा जन्मदिवस १२ मे हा जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. ही तिची कहाणी.

नको असलेली वाट

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्रज आणि चांगले श्रीमंत. शहराचेच नाव मुलीला ठेवले. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. सोळा वर्षांची असताना, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, परमेश्वर आपल्याला सेवेसाठी बोलावत आहे असे तिला वाटले. कोणती सेवा हे मात्र उमजले नव्हते. ते उमजायला पुढे काही वर्षे गेली, आणि उमजल्यावर घरात वादळ उठले.

त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे न शिकलेली, हलक्या मजुरीवर ठेवलेली बाई. पुष्कळ जणींवर दारूचा आरोप होत असे. बऱ्या घरातली मुलगी असल्या कामाला जाते म्हटल्यावर आई आणि बहीण हबकल्या. फ्लॉरेन्स यांनी लग्नाचे चांगले स्थळ नाकारले आणि वाट पाहिली. पहाटे उठून त्या रुग्णालयांचे अहवाल वाचत आणि आकडे उतरवून घेत.

१८४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रोमला गेल्या. स्वतः अँग्लिकन असूनही तेथील त्रिनिता देई मोंती या मठात त्यांनी एकांतवास केला. मदर सांता कोलोंबा या धर्मभगिनीचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे, पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेत, त्यांनी तीन महिने प्रत्यक्ष काम शिकून घेतले. १८५३ मध्ये पॅरिसला सिस्टर्स ऑफ चॅरिटीकडेही त्या गेल्या. रुग्णसेवा हे शिकण्याचे काम आहे, नुसत्या दयाळूपणाने ते भागत नाही, हे त्यांनी या मठांमध्ये पाहिले.

त्याच वर्षी लंडनमध्ये आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोणत्याही पंथाच्या स्त्रीला, कॅथलिक स्त्रीलासुद्धा, प्रवेश मिळाला पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य करून घेतला. आणखी एक लहानशी गोष्ट त्यांनी मागितली. रुग्णाने घंटा वाजवली की तिच्यावरची झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले हे नर्सला पाहताक्षणी कळेल. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे आणि जेवण वर चढवायला यंत्र असावे, असेही त्यांनी सांगितले. जिने चढण्या-उतरण्यात नर्सचा जो वेळ जातो तो रुग्णापाशी जावा, हा त्यामागचा हिशेब. नर्सची ताकद मर्यादित असते आणि ती कुठे खर्च करायची हे ठरवावे लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

स्कुटारीचे रुग्णालय

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन २१ ऑक्टोबर १८५४ रोजी निघाल्या. त्यांपैकी दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. त्यांतल्या पाच लंडनमधील बर्मंडसीच्या सिस्टर्स ऑफ मर्सी, आणि त्यांच्या प्रमुख होत्या मदर मेरी क्लेअर मूर. ४ नोव्हेंबरला ही तुकडी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथे पोहोचली.

तेथे एका मोठ्या लष्करी बराकीचे रुग्णालय केले होते. लांबच लांब ओट्यांवर आणि जमिनीवर माणसे पडलेली. डॉक्टरांना या स्त्रिया नको होत्या. नाइटिंगेल यांनीही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एकाही रुग्णाला हात लावायचा नाही, असे आपल्या नर्सना बजावले. काही दिवस त्या नुसत्या झोळ्या आणि उशा शिवत बसल्या. मग जखमींचे लोंढे आले, डॉक्टर हतबल झाले आणि त्यांनी मदत मागितली.

हजारो रुग्ण आणि मूठभर स्त्रिया. सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला काहीच आले नसते. नाइटिंगेल यांनी निवड केली. जे चालते-फिरते होते त्यांच्याकडे शिपाई-मदतनीस पाहतील, आणि ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांच्यापाशी नर्स जातील. ज्यांना शिजलेले मांस पचणार नाही अशांसाठी त्यांनी वेगळे स्वयंपाकघर सुरू केले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे पेज, सूप, पातळ पदार्थ देण्याची सोय केली. एकच जेवण सर्वांना सारखे वाढले तर अशक्त माणूस भरल्या ताटापुढे उपाशी मरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

रात्री आठनंतर वॉर्डात दुसऱ्या स्त्रियांनी थांबायचे नाही असा त्यांचा नियम होता. त्या स्वतः मात्र कंदील घेऊन फिरत. पुढे या कंदिलावर गाणी आणि चित्रे झाली. पण तो कंदील पाहण्यासाठी होता. कोणाचा चेहरा उतरला, कोणाची पट्टी रक्ताने भिजली, कोणी सकाळपासून पाणी घेतलेले नाही, हे रात्री पाहिल्यावाचून कळत नाही. तेथे येऊन गेलेल्या एका पाद्रीसाहेबांनी नमूद केले आहे की गंभीर रुग्ण त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि ज्याचा आजार जितका भयंकर, त्याच्याजवळ त्या हमखास सापडत.

त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. शस्त्रक्रियेसाठी जखमींची निवड चालू असताना पाच जणांना आशा नाही म्हणून बाजूला ठेवले होते. नाइटिंगेल यांनी त्यांना आपल्याकडे मागून घेतले. एका नर्सला सोबत घेऊन रात्रभर त्यांना चमच्याचमच्याने अन्न भरवले, ऊब दिली, धीर दिला. सकाळी डॉक्टरांनी तपासले तेव्हा ते शस्त्रक्रिया सोसण्याइतके सावरले होते. डॉक्टरांनी निर्दयपणे त्यांना टाकले होते असे नव्हे. हात थोडे आणि जखमी फार, म्हणून त्यांनी निवड केली होती. पण एकदा केलेली निवड ही शेवटची नसते. रुग्ण पुन्हा पाहावा लागतो, कारण त्याची अवस्था तासातासाला बदलते.

मदर मेरी क्लेअर यांचा या सर्व काळात नाइटिंगेल यांना मोठा आधार होता. देखरेखीच्या पदाला आपल्यापेक्षा मदरच अधिक योग्य होत्या, असे त्यांनी पुढे पत्र लिहून मोकळेपणाने कबूल केले. नंतरच्या तुकडीबरोबर आलेल्या आयर्लंडमधील भगिनींशी, म्हणजे मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांच्या गटाशी, मात्र त्यांचे पटले नाही. त्या भगिनींना रुग्णसेवेचा दांडगा अनुभव होता आणि त्यांना आपल्या वरिष्ठांच्या सांगण्याप्रमाणे चालायचे होते. चूक एकाच बाजूची होती असे म्हणता येणार नाही. नाइटिंगेल यांचा स्वभाव हट्टी होता.

आकड्यांनी शिकवलेले

आता या कहाणीतला सर्वांत कठीण भाग. एवढी सेवा होऊनही त्या हिवाळ्यात स्कुटारीत माणसे मरतच राहिली. मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावले. बहुतेक जण जखमांनी गेले नाहीत. ते हगवण, पटकी आणि तापाने गेले.

मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. रुग्णालयाच्या खालून जाणारी गटारे तुंबलेली होती आणि त्यांची दुर्गंधी वॉर्डात येत होती. पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर सापडले. गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरामागे सुमारे २ वर आले.

नाइटिंगेल स्वतः १८५५ च्या मे महिन्यात तापाने मरणाच्या दारातून परतल्या. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून मायदेशी आल्या आणि पहिल्यांदा गेल्या त्या बर्मंडसीच्या मठात, आपल्या जुन्या सोबतिणींकडे. त्यानंतर विल्यम फार या आकडेतज्ज्ञांबरोबर त्यांनी युद्धातील मृत्यूंचा हिशेब मांडला. आपण ज्या इमारतीत जिवाचे रान केले ती इमारतच माणसे मारत होती, हे आकड्यांतून स्पष्ट झाले.

दुसरे कोणी असते तर गप्प बसले असते. देशाने त्यांना देवीच केले होते. त्यांनी मात्र हे मृत्यू झाकू दिले नाहीत. रंगीत पाकळ्यांची एक आकृती काढून, किती शिपाई जखमांनी गेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे त्यांनी १८५८ मध्ये सरकारला डोळ्यांनी दिसेल असे मांडले. त्याच वर्षी इंग्लंडच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. या मानाच्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली, म्हणजे किती दाखल झाले, किती बरे झाले, किती दगावले याची तुलना करता येईल.

नुसते खाटेवरच्या माणसाकडे पाहणे पुरेसे नाही, सर्वांना एकाच वेळी काय मारते आहे तेही पाहावे लागते, हा धडा त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

पाहायला शिकवणे

१८५७ पासून त्यांची प्रकृती ढासळली ती कायमची. पुढची कित्येक वर्षे त्यांनी खोलीत, बहुतेक वेळ अंथरुणावरच काढली. रुग्ण होणे म्हणजे काय, कोणाची तरी वाट पाहत पडून राहणे म्हणजे काय, हे त्या स्वतः भोगत होत्या. तेथूनच त्यांनी परिचर्येवरचे आपले पुस्तक लिहिले. १८५९ च्या अखेरीस ते तयार झाले. त्यात रुग्णाचे निरीक्षण यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला झोप बरी लागली का, असे विचारून भागत नाही, तो किती तास झोपला, केव्हा जागा झाला, हे विचारले पाहिजे, असे त्या समजावतात. आपण ड्यूटीवर नसताना काय होईल याची व्यवस्था आधीच लावून ठेवणे हेही नर्सचे काम, असे त्या सांगतात. हे सारे पाहायचे ते माहितीचा ढीग करण्यासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी, यावर त्यांचा भर आहे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, लोकांनी जमवलेल्या निधीतून, नाइटिंगेल प्रशिक्षण शाळा सुरू झाली. ड्रेसिंग करणे, खाट घालणे यांच्याबरोबर तेथील मुलींना नाडी, त्वचा, भूक, झोप, जखमेची स्थिती आणि औषधाचा परिणाम पाहायला आणि सांगायला शिकवले जाई. रुग्णालयाची बांधणी कशी असावी हेही नाइटिंगेल यांनी लिहिले. दोन्ही बाजूंना खिडक्या, सुमारे तीस खाटा आणि एका नजरेत सगळे रुग्ण दिसतील असा लांब वॉर्ड. पुढे अशा वॉर्डांत अधिक गंभीर रुग्णाची खाट सिस्टरच्या टेबलाजवळ ठेवण्याची रीत पडली. आपल्याकडच्या जुन्या रुग्णालयांत ही रीत आजही दिसते.

पुणे-मुंबईशी नाते

नाइटिंगेल कधीही भारतात आल्या नाहीत. तरी १८५९ पासून अनेक वर्षे त्यांचे मन भारतात होते. येथील लष्करी छावण्यांना त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, किती माणसे आजारी पडतात. १८६३ मध्ये अहवाल निघाला तेव्हा येथील गोऱ्या सैन्यात वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे दिसले. दहा वर्षांनी हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे त्यांनी नोंदवले.

मग त्यांचे लक्ष छावणीकडून खेड्याकडे वळले. शिपाई सुधारला आणि शेजारचे गाव तसेच राहिले तर काय उपयोग, असे त्यांना वाटे. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार केला. मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा १८८९ मध्ये झाला, त्यातही त्यांनी आस्थेने लक्ष घातले. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. त्याच काळात आपल्या भागात मिरजेचे मिशन रुग्णालय डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभे केले. ज्या सेवेची वाट नाइटिंगेल यांनी घालून दिली तिला अशा रुग्णालयांतून आपल्याकडे घर मिळाले.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा इंग्लंडचा मोठा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राजेरजवाड्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाची तयारी होती, पण घरच्यांनी नम्रपणे नको म्हटले. गावच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिच्यावर नावाची आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद, एवढेच कोरलेले आहे.

आजचा कागद

त्यांनी लावलेल्या रोपट्याचे पुढे झाड झाले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुग्णांचे तीन गट पाडून पाहिले गेले : स्वतःचे स्वतः करू शकणारे, थोडी मदत लागणारे आणि सर्वस्वी नर्सवर अवलंबून असणारे. कोणत्या गटाला नर्सचा किती वेळ लागतो हे मोजले. नुसत्या खाटा मोजून नर्स नेमणे चुकीचे, हे त्यातून दिसले. वीस खाटांचे दोन वॉर्ड सारखे दिसतात, पण एकात सर्वस्वी अवलंबून असलेले रुग्ण तिप्पट असतील तर काम सारखे राहत नाही.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून मोठ्या माणसांसाठी गुणांचा एक तक्ता वापरात आला. श्वास, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते तीन गुण द्यायचे. मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य, २५ किंवा अधिक असतील तर तीन. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी दोन. बेरीज पाचवर गेली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे, सातवर गेली तर ती आणीबाणी. असेच तक्ते आता अनेक देशांत वापरले जातात.

तक्ता मात्र स्वतः काही करत नाही. तो भरायला माणूस लागतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात रुग्णागणिक एक नर्स असावी. जिथे एका सिस्टरवर तीस-चाळीस रुग्णांचा भार पडतो तिथे त्या कितीही मनापासून धावल्या तरी कोणाचा तरी श्वास मोजायचा राहून जातो. तेव्हा राग सिस्टरवर काढण्यापेक्षा पुरेशा नर्स नेमण्याची मागणी करणे अधिक न्यायाचे. नाइटिंगेल यांनी तेच केले असते, आणि तेही आकडे हातात घेऊन.

नातेवाइकांनाही यात करण्यासारखे आहे. आपल्या माणसाकडे लवकर लक्ष जावे म्हणून आजार वाढवून सांगू नये. काय बदलले ते नेमके सांगावे. संध्याकाळपासून धाप वाढली आहे, दुपारपासून लघवी झालेली नाही, मघापर्यंत ओळखत होते आणि आता असंबद्ध बोलतात, हातपाय गार पडून घाम सुटला आहे. असे एक वाक्य दहा वेळा ओरडण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सिस्टर ज्याला रोज पाहत नाहीत त्याला आपण रोज पाहिलेले असते.

वाचकहो, शंभर मेंढरांतले एक हरवल्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नव्व्याण्णवांना ठेवून मेंढपाळ त्या एकामागे गेला, यात नव्व्याण्णवांवर अन्याय झाला असे आपण कधी म्हणत नाही. एक हरवले हे त्याला कळले, कारण त्याने मेंढरे मोजली होती. पुढच्या वेळी वॉर्डात सिस्टर आपल्या खाटेवरून पुढे गेल्या तर आपण क्षणभर थांबावे. आपल्या माणसात काही बदल दिसला तर तो शांतपणे सांगावा. आणि पलीकडच्या खाटेवरच्या त्या गप्प माणसासाठी मनात एक छोटीशी प्रार्थना करावी. उद्या त्या खाटेवर आपले कोणी असेल, तेव्हा त्याच्यापाशीही कोणीतरी असेच थांबेल.